गाठीचा ठसा

सभागृहाच्या एका लांबलचक भिंतीत वरून पाणी मुरलं होतं. गळती थांबली, भिजलेला गिलावा खरवडून नवा चढवला गेला, तो नीट वाळू दिला आणि मग मला बोलावणं आलं. दोन मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच असा गुळगुळीत कोरा तुकडा टेक्स्चरच्या, म्हणजे मुद्दाम उंचसखल पोत दिलेल्या भिंतीत मधोमध उघडा पडला होता. "बाकीच्यासारखं करून द्या," एवढीच मागणी. मूळ काम कोणी केलं, कुठल्या मालात केलं, कोणतं हत्यार वापरलं, यातलं काहीही लिहून ठेवलेलं नव्हतं. जे काय विचारायचं ते भिंतीलाच विचारायला हवं होतं.

नव्या भिंतीवर टेक्स्चर करताना आपला हात जसा वळेल तसा चालतो. एकदा धरलेली चाल शेवटपर्यंत सांभाळली की झालं. जोडकामात मात्र दुसऱ्याचा हात आपल्या हातात आणावा लागतो, आणि तो दुसरा समोर नसतो. या धंद्यात मला हेच काम सगळ्यांत जास्त आवडतं.

नेहमीच्या उजेडात ती भिंत आटलेल्या तळ्याच्या तळासारखी दिसायची. सपाट माथ्याची लहान लहान बेटं आणि त्यांच्यामधून गेलेल्या खोल चिरा. चिरांमध्ये तपकिरी छटा, माथ्यांवर फिकट मातकट रंग. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, कारण असा पोत अनेक वाटांनी येतो. समोरून पडणारा उजेड सावल्या पुसून टाकतो. म्हणून आम्ही सभागृहातले सगळे दिवे मालवले आणि एक बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरली. उजेड असा घासून गेला की अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटासुद्धा लांब सावली टाकतो.

आम्ही तिघं होतो. मी, गिलाव्यात आयुष्य घालवलेले काका, आणि आमच्या गटातली सगळ्यांत धाकटी मुलगी, जिचे डोळे आम्हा दोघांपेक्षा तेज आहेत. बॅटरी तिच्याच हातात होती. बॅटरी हळूहळू खाली सरकवत असताना ती एकदम थांबली.

"काका, ही खूण बघा. मघाशी वर बघितली ना, तशीच आहे."

खूण अगदी बारकी होती. बोटाच्या पेराएवढा खळगा आणि त्यातून फुटलेल्या दोन शेपट्या. मी टेप लावला. वरच्या खुणेपासून बरोबर १९ सेंटीमीटर. त्याच रेषेत आणखी खाली गेलो तर पुन्हा १९ सेंटीमीटरवर तीच खूण, तेच दोन फाटे. शेजारच्या पट्ट्यातही अंतर तेच, फक्त जागा वर-खाली.

भिंतीवर एखादी खूण ठरावीक अंतराने परत येते तेव्हा तिच्यामागे काहीतरी गोल फिरलेलं असतं. १९ ला ३.१४ ने भागलं की सहाच्या जरासं वर येतं. म्हणजे साधारण ६ सेंटीमीटर व्यासाचं, फिरणारं हत्यार. रोलर. तिथपर्यंत आमचा अंदाज स्पंज, ठोकायचा ब्रश आणि चुरगळलेलं प्लास्टिक यांच्यात घोटाळत होता. एका मोजमापाने ते तिन्ही बाद झाले.

या कामात नवनव्या युक्त्या आणि हत्यारं शोधून काढायची परंपरा फार जुनी आहे. इटलीतल्या प्राचीन पॉम्पेईच्या घरांमध्ये रोमन कारागिरांनी गिलावा आणि रंग यांतूनच संगमरवरी चिऱ्यांचा भास उभा केला. मोरोक्कोत ताडेलाक्त नावाचा चुन्याचा लेप गुळगुळीत दगडाने घोटतात आणि त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा साबण चोळतात. चुना आणि साबण यांच्या संयोगातून पाणी न शिरणारा थर होतो, म्हणून तो न्हाणीघरातही टिकतो. संगमरवराच्या शिरा पिसाने ओढतात. लाकडाच्या रेषांसाठी कोरीव रबरी ठोकळा मागेपुढे डोलवत ओल्या रंगावरून नेतात. या सगळ्यांच्या मानाने रोलर फारच अलीकडचा, १९४० च्या सुमारास पुढे आलेला. पण त्याच्यावर लोकांनी जे प्रयोग केलेत ते पाहिले की थक्क व्हायला होतं. कोणी त्यावर चिंध्या बांधतं, कोणी स्पंजाचे तुकडे चिकटवतं, कोणी चामड्याच्या वाद्या. त्यामुळे 'रोलर' हे उत्तर अर्धंच होतं. त्यावर काय होतं, ते अजून कळायचं होतं.

त्यासाठी ठसा घेतला. मॉडेलिंग क्ले मळली, भिंतीला डाग लागू नये म्हणून वरून पातळ प्लास्टिक लावलं आणि एका कोपऱ्यात ती भिंतीवर दाबली. भिंतीवरची खोल चीर ठशात उंच कडा होऊन येते, आणि ती हातात घेऊन वळवून बघता येते. त्या कडांवर तिरके पीळ होते. दोरीचे. साधारण ५ मिलिमीटर जाडीची पिळाची दोरी रोलरवर सर्पिल गुंडाळलेली होती. म्हणूनच चिरा किंचित तिरक्या होत्या, आणि रोलर एकदा उभा व एकदा आडवा फिरवल्यामुळे रेषा एकमेकींना छेदून मधे बेटं उरली होती. दोन शेपट्यांचा खळगा म्हणजे दोरीची गाठ. कोणा कारागिराने दोरी गुंडाळली, टोकाला गाठ मारली, उरलेले धागे कापले नाहीत, आणि ती गाठ सबंध भिंतीभर उमटत गेली.

काका बराच वेळ त्या ठशावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "विकतचं हत्यार नाही हे. याने बसून केलंय."

त्याच ठशाचा साचा करून शिक्का मारत गेलो तर, असा विचार मनात आला होता. तो मी मोडीत काढला. शिक्क्याने एक चौकट हुबेहूब येते, पण तीच चौकट शेजारी पुन्हा आली की डोळा ती लगेच पकडतो, आणि एकदा पकडल्यावर सोडत नाही. मूळ भिंतीत गाठ परत येते, पण तिच्याभोवतीची बेटं दर वेळी निराळी असतात. ते निराळेपण हाताच्या दाबातून येतं आणि ते साच्यातून काढता येत नाही.

मग बोर्डावर नमुने सुरू झाले. माल संगमरवराच्या पुडीचा, अ‍ॅक्रिलिक बंधकाचा, पाणी धरून ठेवणारा सेल्युलोजचा घटक घातलेला. ढवळताना सैल होतो, सोडला की पुन्हा घट्ट धरतो. हा गुण नसेल तर ओढलेले उंचवटे उभेच राहत नाहीत. ३ मिलिमीटरचा थर, त्यावर दोरीचा रोलर. दोरी आधी साबणाच्या पाण्यात भिजवून पिळून घ्यायची, नाहीतर माल तिलाच चिकटून वर येतो. चिरा हव्या तशा आल्या. बेटं मात्र काटेरी येत होती. मूळ बेटांचे माथे सपाट होते, आणि जवळून पाहिलं तर त्यांवर बारीक समांतर ओरखडे होते. रोलरनंतर त्यावरून पोलादी थापी फिरली होती.

खरी अडचण इथून पुढे होती. थापी लगेच फिरवली की माथे पसरतात आणि चिरा बुजतात. उशीर झाला की माथ्यावर साय धरलेली असते. थापी ती फाडते आणि खालचा ओला माल उघडा पडतो. या दोन्हींच्या मधे थोडा वेळ असा येतो, की मालाची ओली चमक उतरते, बोट लावलं तर माल बोटाला येत नाही पण दाबला जातो. तेवढ्यातच थापी फिरवली तर माथा कापल्यासारखा सपाट होतो आणि सरकलेला माल पुढच्या कडेला ओठासारखा वळून राहतो. मूळ भिंतीवर नेमके असेच ओठ होते. दोरीचा रोलर कोणालाही बांधता येईल. पण तो पोत उभा राहिला होता या वाट पाहण्यातून, आणि भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हापासून मला जे नाव देता येत नव्हतं ते हेच होतं. आम्ही हत्याराला फार श्रेय देतो. पोत मुख्यतः वेळेचा असतो.

ते ओठ बघतानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. सगळे ओठ डावीकडे वळलेले होते. ओरखड्यांचे चाप घेऊन त्यांचे मध्य दोरीने शोधले, तर ते डाव्या अंगाला, खाली पडत होते, जिथे डाव्या हाताचं कोपर येतं तिथे. काकांनी आणि मी उजव्या हाताने केलेले सगळे नमुने बॅटरीच्या उजेडात म्हणूनच परके दिसत होते. उजेड एका बाजूने आला की आमचे ओठ चमकायचे, मूळचे सावलीत जायचे.

आमची मुलगी डावखुरी आहे. आधी जिथे ती शिकली तिथे थापी उजव्याच हातात धरायला लावलेली, त्यामुळे बारीक कामात डावा आणि थापीला उजवा अशी तिची सवय झाली होती. काकांनी थापी तिच्या डाव्या हातात दिली. "घे पोरी. तुझंच काम आहे हे." तिने एक बोर्ड केला. आम्ही तो मूळ भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकला आणि मी तिला म्हटलं की उद्या थापी तूच मारायची, दुसरं कोणी हात लावणार नाही.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी सकाळ तयारीतच गेली. जुन्या टेक्स्चरची कड सरळ रेषेत कापली गेली होती आणि सरळ जोड लपवता येत नाही. म्हणून कडेवरची अर्धवट कापलेली बेटं बारीक छिन्नीने एकेक करून मागच्या चिरेपर्यंत काढली. आता जोड चिरांमधून नागमोडी जाणार होता. नव्या गिलाव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो क्षणात गिळायचा, जुन्या भिंतीवर तसाच बसून राहायचा. हा फरक ठेवला असता तर आमचा माल मधे लवकर आणि कडेला उशिरा वाळला असता. दोन्हीकडचे थेंब सारखे बसेपर्यंत प्रायमर देत गेलो. परांचीची फळीही हवी त्याच उंचीवर बांधली: मूळ भिंतीत साधारण १.८ मीटरवर एक पट्टा होता, जिथे चाप आखूड झालेले होते, कारण तो कारागीर फळीवर खाली वाकून काम करत होता. तो पट्टा आमच्या तुकड्यातून जायलाच हवा होता. तिथे तिनेही गुडघा टेकून वाकायचं ठरलं.

दुपारी सुरुवात केली. वरून खाली मी थर देत पुढे, मागे काका रोलर घेऊन, त्यांच्यामागे ती. थापीला वेळ मिळावा म्हणून काका आणि ती यांच्यात साधारण मीटरभर अंतर राहायला हवं होतं. त्या अंतरातच चमक उतरायची. वरचा अर्धा भाग असा झाला की बोलायची गरजच पडली नाही.

मग छतातून थंड हवा सुरू झाली. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी यंत्रणा कोणीतरी चालू केली होती. बंद करायला सांगून माणूस येईपर्यंतचा वेळ आमच्याकडे नव्हता, माल भिंतीवर होता. चमक डोळ्यांदेखत उतरू लागली. काम मधे थांबवलं असतं तर तिथे कायमची रेषा पडली असती.

ती न विचारता पुढे सरकली. मीटरभर अंतर हातभर केलं, मग वीतभर. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. डाव्या हाताने थापी चालू आणि उजव्या हाताचं बोट पुढच्या माथ्यावर. काकांनी रोलरची चाल कमी केली, मी थर देण्याचे पट्टे अरुंद केले. मधेच एकदा थापीवर पाण्याचा हलका फवारा मारून घेतला, ओरखडा फाटू नये म्हणून. पट्ट्याशी आल्यावर तिने ठरल्याप्रमाणे गुडघा टेकला. इतक्या वर्षांत मी उत्तम हात पुष्कळ पाहिलेत, पण बदलणाऱ्या हवेबरोबर आपली चाल अशी बदलत नेणारा हात क्वचित पाहिला. पंखे थांबले तेव्हा आम्ही शेवटच्या हातभर पट्टीवर होतो.

माल पूर्ण वाळू दिला, मग रंग. आधी फिकट मातकट हात, त्यावर पातळ तपकिरी ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारा रंगाचा हात, आणि लगेच ओलसर कापडाने माथे पुसून घेतले, म्हणजे गडद छटा चिरांतच राहते. ग्लेझ जुन्या भागावर थोडा पुढे नेऊन विरवला. बॅटरीच्या घासत्या उजेडात उजव्या कडेला खालच्या बाजूला जोड अजून दिसतो. तो काढण्यासाठी जुनी भिंत आणखी तोडावी लागली असती, आणि ते मला योग्य वाटलं नाही. मूळ हाताचं जितकं वाचवता येईल तितकं वाचवायचं.

विजेच्या पॅनेलमागच्या कपाटात आम्ही एक नमुना बोर्ड, तो दोरीचा रोलर आणि एक कागद ठेवून आलो. टेक्स्चर करणाऱ्या प्रत्येकाने असा कागद ठेवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हे पोत कोणाच्या डोक्यातून निघतात आणि त्या माणसाबरोबरच संपतात. कागदावर मालाचं प्रमाण लिहिलं, थराची जाडी लिहिली. दोरी ५ मिलिमीटर, पीळ उजवा, घेर १९ सेंटीमीटर. रोलर आधी उभा, मग आडवा. थापी डाव्या हाताने, चमक उतरल्यावर, माल बोटाला न लागता दबेल तेव्हा. खाली तिच्या अक्षरात शेवटची ओळ आहे: गाठ दुहेरी मारायची, शेपट्या कापायच्या नाहीत.