मोडीचा वर्ग भरण्याआधीचे पाच दिवस

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडे मोडी लिपीचा, म्हणजे जुनी मराठी कागदपत्रं ज्या लिपीत लिहीत तिचा, नवा कोर्स सुरू झाला. तेव्हापासून ओळखीचे प्राध्यापक विचारतात, कॉमर्स-सायन्सची मुलं मोडीकडे वळवलीस कशी? ते सांगणारच आहे. पण आधी त्या फॉर्मबद्दल लिहू द्या, कारण वर्ष उलटलं तरी तो राग गेलेला नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई, आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. मी मराठीची, त्यामुळे माझ्या वाट्याला बीकॉम, बीएस्सी आणि आयटीची एफवायची मुलं. दोन क्रेडिट, ३० तास, ५० मार्क. अभ्यासक्रम, मंजुरी, वेळापत्रक सगळं सुरळीत झालं. प्राचार्यांनी अट एकच घातली: किमान २५ मुलं हवीत. तेवढी आली नाहीत तर कोर्स बंद, आणि आलेल्या मुलांना दुसऱ्या ओईत ढकलायचं.

सोमवारी सकाळी पोर्टलवर फॉर्म उघडला. संध्याकाळी ऑफिसात यादी पाहिली तर माझ्या कोर्सला चार नावं. त्यातल्या दोघांना मी जिन्यात गाठून विचारलं, मोडी का घ्यावीशी वाटली? दोघंही गोंधळले. त्यांना सिनेमाची पटकथा लिहायला शिकायचं होतं. मग मी त्यांच्याच मोबाईलवर फॉर्म पाहिला. खाली खाली सरकत जाणारी यादी, आणि त्यात अकरावं नाव: ‘ओई ११ – स्क्रिप्ट स्टडीज’. मोडी हा शब्दच कुठे नव्हता. मी दिलेलं पूर्ण नाव रकान्यात बसत नव्हतं म्हणून कुणीतरी ते कापलं होतं. मला एका शब्दाने विचारलं असतं तर ‘मोडी लिपी’ एवढंच सुचवलं असतं, ते आरामात बसलं असतं.

मंगळवारी पावणेदहाला ऑफिसच्या खिडकीवर गेले. उत्तर मिळालं, पोर्टल लॉक झालंय, आता बदल होत नाही. पुन्हा अकराला गेले. लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज लिहिला, विभागप्रमुखांची सही घेतली, परत गेले. आता आधी इनवर्ड करा. इनवर्डची वही ज्यांच्याकडे असते ते रजेवर, आणि दुसरं कुणी त्या वहीत नोंद करत नाही. दीड वाजता चौथ्यांदा गेले तेव्हा खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही एवढं टेन्शन का घेताय? नाही भरला तर नाही भरला.” त्या वाईट बोलल्या नाहीत, त्यांच्या टेबलावर त्या दिवशी शंभर कामं होती. पण मी तो अभ्यासक्रम दिवाळीपासून लिहीत होते. ते वाक्य मला लागलं, अजून लागतं.

त्या दिवशी मी पाच वर्गांत जाऊन बोलले. प्रत्येक ठिकाणी लेक्चर संपताना तीन मिनिटं मिळाली. मी वारशाबद्दल बोलले, यादवकाळातल्या हेमाडपंतांशी ही लिपी परंपरेने जोडली जाते ते सांगितलं, शिवकाळ-पेशवाईबद्दल बोलले. मनापासून बोलले, आणि मुलं बॅगा भरत राहिली. हे तुम्ही करू नका. लेक्चर सुटताना दारात उभं राहून कुणाला वारसा ऐकवू नये. संध्याकाळी आकडा अकरा.

बुधवारी पावसाने लोकल बंद पडल्या, कॉलेजला सुटी मिळाली. गुरुवारी संपणारी मुदत शुक्रवारवर गेली. पाऊस पडला नसता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

घरी अडकले होते. टेबलावर बांबूच्या कामट्या होत्या, पुढे वर्गात वापरायला आणलेल्या. त्यांचे बोरू, म्हणजे शाईत बुडवून लिहायच्या लेखण्या, तासत बसले आणि सहज भाचीचं नाव मोडीत लिहून तिला फोटो पाठवला. ती बारावीला आहे, एरवी माझ्या मेसेजला अंगठा दाखवून मोकळी होते. पाच मिनिटांत तिने त्या नावाचा डीपी लावला. मग तिच्या तीन मैत्रिणींची नावं आली, “मावशी, यांचीपण लिही ना.”

गुरुवारी सकाळी मी कँटीनच्या बाहेर जिन्याजवळ एक बाक ओढला. बोरू, शाईची दौत, कापलेले कार्डशीटचे तुकडे. पाटी लावली नाही. पहिल्या मुलीला हाक मारून म्हटलं, “नाव सांग, लिहून देते.” मोडी लिहिताना आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरं लिहीत जातात. ते बघायलाच मुलं थांबली. दहा मिनिटांत रांग लागली. रांगेतल्या मुलांशी बोलायला मला वेळच वेळ होता, कारण नाव मिळेपर्यंत कुणी हलत नव्हतं.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेलं ‘ओई ११’. फॉर्ममध्ये नाव चुकलेलं असलं तरी क्रमांक चुकलेला नव्हता. मुलं कार्ड उलटं करायची, “मॅम, हे काय?” आणि मी म्हणायचे, फॉर्ममध्ये हा नंबर निवड, मग हे तुलाच लिहिता येईल.

रांगेतच मला कळलं की कोणत्या गोष्टीने कोण वळतं. आयटीच्या एका मुलाला मी सांगितलं की मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. तो तिथेच उभा राहून मोबाईलवर फॉन्ट शोधू लागला. एक मुलगी म्हणाली, माझं मराठी फार कच्चं आहे, शाळेत शुद्धलेखनाचे मार्क कायम कापले जायचे. तिला म्हटलं, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. “म्हणजे चूक होणारच नाही?” हे विचारताना तिचा चेहरा असा उजळला की मी तो विसरणार नाही. एकाच्या घरी तमिळ बोलतात. त्याला वाटलं हे आपल्यासाठी नाही. तंजावरच्या मराठा राजांचं दप्तर मोडीत आहे हे त्याला सांगितलं. त्याचं आजोळ तंजावर जिल्ह्यातलं निघालं, त्याने माझ्यासमोरच फॉर्म भरला.

शुक्रवारी पाच वाजता आकडा २९. मी यादीची प्रिंट मागून घेतली, ती घरी फाइलला आहे. नाव दुरुस्तीचा माझा अर्ज मंजूर होऊन पुढच्या मंगळवारी हातात आला, फॉर्म बंद झाल्यानंतर चार दिवसांनी.

आता वर्गाबद्दल.

पहिल्या तासाला अक्षरं शिकवू नका. मी स्वतः बाराखडीपासून शिकले, पण माझ्यावर शिकायची सक्ती नव्हती, मी हौसेने गेले होते. या मुलांचा तास सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी, अर्धी विरार-नालासोपाऱ्याहून आलेली. मी सरळ एका जुन्या कागदाची प्रत वाटली आणि म्हटलं, जे वाचता येईल त्याला गोल करा. मोडीतले आकडे बरेचसे देवनागरीसारखेच असतात. दोन मिनिटांत प्रत्येकाला काहीतरी सापडलं. ज्याला पहिल्याच दिवशी काहीतरी वाचता आलं तो दुसऱ्या तासाला येतो, हे मला त्या सकाळी पटलं.

मग फळ्यावर लिहिलं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. जुन्या कागदांत शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कालगणनेचं वर्ष, असा अरबी अंकनामांत लिहितात. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. हे वर्ष जूनमध्ये, मृगाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ आणि पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवायचे. मी म्हटलं, कागद जानेवारीतला आहे असं समजा. बीकॉमच्या मागच्या बाकावरून आवाज आला, “१७६१. म्हणजे पानिपत!” वर्ग क्षणभर गप्प झाला. हिशोबाची मुलं हिशोबातून आत येतात.

हे आधी सांगायला हवं होतं: बोरू नाही मिळाले तर तिरक्या टोकाचा मार्कर चालतो. मुलांना पेन्सिलीने लिहायला देऊ नका, अक्षराची जाड-बारीक वळणं कळत नाहीत आणि लिहिल्याचा आनंद मिळत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वर्ग मंदावला. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे अक्षरं येऊनही ओळ फुटत नाही आणि मुलं चिडतात. हजेरी सोळावर आली. मी दोन दिवस झोपले नाही नीट. मग ठरलेल्या शब्दांची यादी दिली: कागदाच्या माथ्यावर ‘श्री’, मायन्यात ‘राजमान्य राजश्री’, शेवटाकडे ‘बहुत काय लिहिणे’, ‘हे विनंती’. हे तुकडे आधी शोधून त्यांच्या कडेला उभ्या रेघा मारायच्या. रेघा मारल्या की मधला मजकूर आपोआप लहान होतो. जोड्या लावल्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने देवनागरीत उतरवायचं. एकट्याने मोडी वाचायला बसवलं की नवखी मुलं खचतात.

फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. एका शनिवारी कॉलेजचं पत्र घेऊन आम्ही तिथे गेलो. जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात, हे मी वर्गात सांगितलं होतं. पण कागद डोळ्यांनी पाहिल्यावर मुलं कुजबुजायला लागली, कुणी मोठ्याने बोलेना. चर्चगेटला परत येताना दोघीजणी दुकानांच्या पाट्या मोडीत कशा लिहिता येतील यावर वाद घालत होत्या. जमलं तर ही फेरी पाचव्या आठवड्याच्या आत करा, मी सातव्यात केली, उशीर झाला.

“मॅम, याचा जॉबला उपयोग काय?” हा प्रश्न येणारच. टाळू नका आणि फुगवूनही सांगू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं तेव्हा जुने मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांना दिसली. जमिनीचे, वारसाचे जुने दाखले आजही वाचून घ्यावे लागतात. हे मी सांगितलं. आणि ३० तासांत कुणी असा वाचक होत नाही, त्याला पुढे काही वर्षं रोजचा सराव लागतो, हेही सांगितलं. मुलांना खरं उत्तर चालतं. तिघांनी सुटीत सराव चालू ठेवला, दर रविवारी एक कागद मला पाठवतात.

परीक्षेत मी मुलांनी आधी न पाहिलेला कागद दिला, आठ ओळींचा. शुद्धलेखनाला घाबरणारी ती मुलगी वेळ संपल्यावरही उठेना. सातव्या ओळीतलं एक नाव तिला लागत नव्हतं. पेपर घेताना मी म्हटलं, राहू दे, मार्क जाणार नाहीत. ती म्हणाली, “मार्कांसाठी नाही, मॅम. कोण होता तो, ते कळायला हवं ना.” आम्ही दोघींनी बाकावर वाकून ते नाव लावलं. आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर तिने नावात धरलं होतं.

या वर्षी मी अर्ज मार्चमध्येच दिला. कोर्सचं नाव ‘मोडी लिपी’, दोनच शब्द. इनवर्ड नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि दर सोमवारी खिडकीवर जाऊन विचारते. कार्डशीटही कापून तयार आहेत, यंदा दीडशे.