आईच्या वीस पायऱ्या
आज आईला घेऊन पर्वतीला गेले होते. १०३ पायऱ्या आणि हिचे दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्तच, त्यामुळे वर जायचं नाही असं घरूनच ठरवून निघालो होतो पण पायथ्याशी आल्यावर तिला काही राहवेना. मग फिजिओने शिकवलंय तसंच केलं, काठी डाव्या हातात म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट्या बाजूला, चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा. वीस पायऱ्या झाल्या आणि बसलो.

तीन महिन्यांपूर्वी घरातला जिना होत नव्हता हो तिला! रोज गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबत मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, एक दिवस चुकवलं नाही तिने. घरी आल्यावर थोडी सूज होती, बर्फाने शेकलं, आता झोपलीये शांत.