तपासून परत आलेला गृहपाठ

पदवीच्या पहिल्या वर्षाला मी दोनदा प्रवेश घेतला. दोन्ही वेळा दूरशिक्षणातून, दोन्ही वेळा वाणिज्य शाखेला. दोन्ही वेळा नोकरी तीच, एका गोदामाच्या ऑफिसात साठ्याच्या नोंदी ठेवायची. पहिल्यांदा पाच महिन्यांत सगळं सुटलं. दुसऱ्यांदा तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षं लागली, पण ती पूर्ण झाली. बारावीनंतर शिक्षण थांबलेल्या आणि आता पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या माणसाला या दोन खेपांमधला फरक कळावा, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या खेपेला प्रवेश मिळायला काहीच त्रास झाला नाही. फॉर्म भरला, फी भरली, ओळखपत्र आलं. पुस्तकं मात्र परीक्षेला तीन महिने उरले तेव्हा आली. तीही वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी लिहिल्यासारखी होती. व्याख्या, लगेच दुसरी व्याख्या, मग एक तक्ता, आणि धड्याच्या शेवटी दहा प्रश्न. उत्तरं कुठेच नाहीत. तरी मी नेटाने बसले. सलग तीन रविवार घालून पहिला गृहपाठ लिहिला, सोळा पानं. अभ्यासकेंद्रावर नेऊन दिला, वहीत सही केली. महिन्याभराने फलकावर गुण लागले, वीसपैकी चौदा. शेजारच्या नावापुढे चौदा, त्याच्या खाली पंधरा, त्याच्या खाली पुन्हा चौदा. माझी पानं मला बघायला मिळतील का, असं मी खिडकीवर विचारलं. "जमा झाला ना? मग झालं," असं उत्तर आलं.

त्या दिवशी मी घरी येऊन पुस्तक उघडलं नाही. पुढचे गृहपाठ कुणाच्या तरी वहीतून उतरवून दिले. परीक्षेच्या आठवड्यात गोदामात माल उतरत होता, तेवढं निमित्त पुरलं. मी अभ्यास सोडला हे केंद्रावर कुणाच्या लक्षातही आलं नसावं. फोन नाही, पत्र नाही. बरीच वर्षं मी घरी सांगत होते की मला शिक्षण झेपलं नाही, आणि माझाही त्यावर विश्वास होता.

सहा वर्षांनी साठा विभागाची जबाबदारी रिकामी झाली आणि त्या जागेसाठी पदवी लागत होती, म्हणून दुसऱ्या एका मुक्त विद्यापीठात नाव घातलं. खरं सांगायचं तर चौकशी करून निवडलं नव्हतं. नशीब चांगलं निघालं.

पहिल्याच संपर्कसत्रात, म्हणजे केंद्रावर भरणाऱ्या वर्गात, समंत्रक मॅडमनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या आणि गृहपाठ तपासणाऱ्या बाईंनी, आमची नावं आणि कामं लिहून घेतली. कोण कुठे नोकरी करतं, कुणाला किती वाजता वेळ मिळतो, घरी अभ्यासाला जागा आहे का. मग म्हणाल्या, "पहिला गृहपाठ पंधरा दिवसांत द्या. चुकीचा असला तरी चालेल, कोरा नको." प्रश्न सरासरी साठ्याचा होता. मला हसूच आलं, कारण मी दिवसभर तेच करत होते. महिन्याच्या सुरुवातीचा साठा ४०० पोती, अखेरचा ६००, बेरीज करून दोनाने भागले, ५००. पुस्तकातलं सूत्र, पुस्तकातलीच भाषा, खाली दोन रेघा.

दहा दिवसांनी ती पानं परत आली. गुण वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होते. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "सूत्र बरोबर. पण तुम्ही स्वतः गोदामात काम करता. महिन्याच्या मध्यावर तिथे किती पोती असतात?"

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर मी मागच्या महिन्याचं रजिस्टर काढलं आणि दर आठवड्याचे आकडे एका ओळीत मांडले. ४००, मग १४००, ११००, ७००, ६००. बेरीज ४२००, पाचांनी भागले तर ८४०. मी लिहिलेल्या ५०० पासून कितीतरी लांब. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला पोती ठेवायला जागा का पुरत नाही आणि कागदावर मात्र गोदाम निम्मं रिकामं का दिसतं, हे कोडं मी इतकी वर्षं रोज बघत होते. ते एका पेन्सिलीच्या ओळीने सुटलं. मी उत्तर नव्याने लिहून दिलं, कुणी मागितलं नसताना. त्यावर दोनच शब्द आले, "आता पटलं."

त्यानंतर मी अभ्यास सोडायचा विचार केला नाही असं नाही. पण सोडला तर मॅडमना सांगावं लागेल, असं वाटायचं. पहिल्या खेपेला सांगायलाच कुणी नव्हतं.

आता कामाचं थोडं. आमच्याकडे एका श्रेयांकाला (क्रेडिटला) अभ्यासाचे तीस तास धरलेले होते. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास. हा हिशेब सुरुवातीलाच करावा. मला आठवड्याला नऊ तास मिळत होते, पहाटे दीड तास, आठवड्यातले सहा दिवस. म्हणजे एका विषयाला तेरा-चौदा आठवडे. एका सत्रात चार विषय घेतले असते तर बुडालेच असते. मी झेपतील तेवढेच घेतले, म्हणून चौथं वर्ष लागलं, आणि त्याची मला जराही खंत नाही. आपल्या वेगाने जाता येणं हीच मुक्त शिक्षणातली सगळ्यात मोठी सवलत आहे. ती न वापरता बाकीच्यांबरोबर धावायचं कशाला?

पुस्तकंही या वेळी वेगळी होती. दोन-तीन पानं झाली की थांबवून प्रश्न विचारायची, उत्तराला रिकाम्या ओळी सोडलेल्या, आणि उत्तर घटकाच्या शेवटी. आधी मी त्या ओळी ओलांडून पुढे जायची. मग लक्षात आलं की धडा त्या ओळींतच आहे. स्वीडनचे अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग यांनी मांडलं होतं की दूरशिक्षणातला छापील धडा विद्यार्थ्याशी संवाद साधल्यासारखा लिहायला हवा. त्यांचं नाव मला फार उशिरा कळलं, पण तसा धडा हातात आला की आपण एकटे बसलेलो नाही, हे जाणवतंच. व्हिडिओ व्याख्यानांचा उपयोग मला आलेख समजून घेताना झाला. हात फिरताना दिसतो, मागे जाऊन पुन्हा बघता येतं. पण पहाटे नुसतं बघत बसलं की डोळा लागायचा. वही उघडी ठेवून, मध्ये मध्ये थांबवून बघितलं तरच काही डोक्यात राहिलं.

दुसऱ्या वर्षी एका विषयात मला गैरहजर दाखवलं. पेपर मी लिहिला होता. निकालपत्रक बघून हातपाय गार पडले. हॉल तिकिटावर पर्यवेक्षकांची सही होती आणि ते मी जपून ठेवलं होतं, म्हणून वाचले. तरी अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, यात तीन महिने गेले. प्रत्येक पेपरनंतर त्या सहीचा फोटो काढून ठेवा, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, एवढंच सांगते.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला, दूरशिक्षण सोडून जाणारे कुठे अडतात. आमच्या तुकडीतून गळालेल्या अकरा जणांशी बोलले. विषय अवघड होता, असं पहिलं कारण कुणीच सांगितलं नाही. बहुतेकांचा पहिलाच गृहपाठ राहून गेला होता आणि मग केंद्रावर तोंड दाखवायची लाज वाटली होती. एक ताई म्हणाली, "मला वाटलं, आता रागावतील." तिला कुणी फोन केला असता, तर ती आज माझ्याबरोबर पदवीधर असती.

प्रकल्पासाठी वाचताना इतिहास सापडला आणि मी त्यातच रमले. १८४० मध्ये इंग्लंडात स्वस्त टपाल सुरू झालं, तेव्हा आयझॅक पिटमन टपालाने लघुलिपी (शॉर्टहँड) शिकवू लागले. विद्यार्थी उतारे लघुलिपीत लिहून पाठवत आणि ते तपासून परत येत. म्हणजे तपासून परत येणारं पान सुरुवातीपासूनच होतं. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने कुठेही शिकलेल्या माणसाला आपल्या परीक्षेला बसू दिलं. पाऊल मोठंच, कारण पदवीचं दार त्यामुळे खुलं झालं, पण शिकवायची जबाबदारी विद्यापीठाने घेतली नव्हती. या दोन्ही गोष्टी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत एकत्र आल्या. तिची स्थापना १९६९ ची, पहिले विद्यार्थी १९७१ चे. आधीच्या शिक्षणाची अट नाही, धडे एकेकट्या लेखकाऐवजी अभ्यासगटाने मिळून तयार केलेले, आणि गृहपाठ तपासायला शिक्षक नेमलेला. पुढे कितीतरी देशांनी मुक्त विद्यापीठं काढताना तिच्याकडे पाहिलं. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी तर असं मांडलं की दूरशिक्षणातलं खरं अंतर मैलांत मोजायचं नसतं. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात संवाद किती आणि अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर, यावर ते अंतर कमी-जास्त होतं. पहिल्या खेपेला माझं अभ्यासकेंद्र घरापासून चालत वीस मिनिटांवर होतं. दुसऱ्या खेपेला बसने दीड तास.

परिव्ययाच्या, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाच्या, पेपरमध्ये स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकले आणि आपल्याच शिक्षणाचा ताळेबंद डोळ्यांपुढे आला. धडा लिहून घेणं, व्याख्यान चित्रित करणं हा खर्च मुख्यतः एकदाच होतो, मग विद्यार्थी हजार असोत की लाख. म्हणून तर दूरशिक्षण मोठ्या संख्येला परवडतं. गृहपाठ तपासायचा खर्च मात्र विद्यार्थ्यागणिक वाढत जातो. संख्या वाढवायची आणि पैसा वाचवायचा ठरलं, की पहिली कात्री तिथेच लागते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य इंटरनेटवर मोफत द्यायचं २००१ मध्ये जाहीर केलं, २०१२ पासून कोर्सेरा आणि एडएक्ससारख्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांवर हजारो लोक एकाच वर्गात बसू लागले. उत्तम धडा आज घरबसल्या मिळतो, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. माझी संख्याशास्त्राची अर्धी तयारी अशाच खुल्या साहित्यावर झाली. पण त्या मंचांवर नाव घालणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोचणारे थोडेच असतात. बारावीनंतर बाहेर राहिलेल्या प्रत्येकाला शिक्षण पोचवायचं असेल, तर नव्या अॅपच्या आधी समंत्रकांच्या मानधनाची तरतूद करा, असं मी कुठल्याही बैठकीत उभं राहून म्हणेन.

परवा आमच्याकडे माल मोजणारा एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. बारावी होऊन तीन वर्षं झाली आहेत. हातात दोन माहितीपत्रकं होती. "ताई, यातलं कुठलं चांगलं?" मी म्हटलं, तू दोन्हीकडे फोन कर आणि तीन गोष्टी विचार. पुस्तकं कधी मिळतात. गृहपाठ तपासून परत मिळतो का, किती दिवसांत. आणि मी दोन सत्रांना आलो नाही तर मला कुणी विचारेल का.

त्याने तिथेच उभं राहून पहिला फोन लावला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं. दुसरा प्रश्न त्याला दोनदा विचारावा लागला. मग त्याने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "ते विचारतायत, परत कशाला हवा?" मी त्याला दुसरं माहितीपत्रक उचलायला सांगितलं.