आठ चिपांची रॅम आणि बाबांचा पीसी

बाबांचा पीसी २०१० सालचा. कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा (बोर्डावरचा रॅम वगैरे सांभाळणारा चिपांचा संच) मदरबोर्ड, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून बाबा पूजेला बसायचे, आरती झाली की डेस्कटॉप आलेला असायचा. नवा घेऊ म्हटलं की उत्तर ठरलेलं, "चालतोय की!" सोसायटीचा हिशेब आणि घरातले सगळे फोटो त्यातच.

मग एक दिवस फोटो उघडताना डिस्क टकटक करायला लागली. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून पाहिलं तर पिवळं 'कॉशन', खराब सेक्टरांची नोंद वाढलेली. आधी फोटो बाहेर काढायला घेतले. दोन रात्री गेल्या. ताईच्या लग्नाच्या फोल्डरमधले चार फोटो काही केल्या निघाले नाहीत.

डिस्क बदलायचीच तर रॅमही वाढवू म्हणून डोंबिवलीहून लोकल पकडून मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. डीडीआर३ प्रकारच्या रॅमची चार जीबीची पट्टी घेतली. दुकानदाराने त्याच्या मशीनवर लावून दाखवली, व्यवस्थित चालली. घरी लावली तर स्क्रीन काळी आणि नुसते बीप. खोडरबराने पट्टीचे सोनेरी दात घासले, स्लॉट बदलला. काही नाही.

शोधल्यावर कळलं की जी४१ला दोन गिगाबिटपेक्षा मोठी चिप ओळखताच येत नाही. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे चार जीबीचे ३२ गिगाबिट, तेव्हा पट्टीवर दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा चिपा हव्यात. माझ्या पट्टीवर एकाच बाजूला आठ. दुकानदाराची चूक नव्हती, मीच बोर्डाचं नाव न सांगता गेलो होतो. दुसऱ्या फेरीत जुन्या मालातल्या सोळा चिपांच्या दोन पट्ट्या काउंटरवर बोट ठेवून मोजून घेतल्या. आठ जीबी झाली. या बोर्डाची उडी तेवढीच.

डिस्कच्या वेळी मात्र आधी बोर्डाचं मॅन्युअल वाचलं. नव्या वेगवान एनव्हीएमई डिस्कचा स्लॉट नाही. साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, सेकंदाला ३ गिगाबिटची, म्हणजे महागडी एसएसडी (चिपांवर साठवणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) लावली तरी सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे जाणार नाही. पण जुन्या मशीनचा जीव जातो तो छोट्या छोट्या फाइली शोधत डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावण्यात, आणि ते तर कुठल्याही एसएसडीत थांबतं. म्हणून सिस्टिमसाठी साधी २४० जीबीची एसएसडी आणि फोटोंसाठी एक टीबीची हार्ड डिस्क घेतली. चार टीबीचा मोह झाला होता, पण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीनेच विभागायची होती, आणि तीत दोन टीबीच्या वरची जागा दिसत नाही. जुन्या एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) साटा पॉवरची एकच पिन होती, तेव्हा जुन्या पद्धतीच्या मोलेक्स पिनेवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागला. एसएसडीसाठी कॅबिनेटमध्ये खाच नव्हती, ती डबलटेपने चिकटवली. हलतं काय आहे तिच्यात!

जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवली (क्लोन) नाही. जुनी पार्टिशन एक्सपीच्या काळातली, ६३व्या सेक्टरपासून सुरू होणारी. एसएसडी चार केबीच्या तुकड्यांत काम करते, त्या हिशोबात ती बसत नाही. नव्याने टाकायचं तर विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलेला, आणि ११च्या २४एच२ आवृत्तीला पॉपकाउंट नावाची जी प्रोसेसरची आज्ञा लागते ती या प्रोसेसरात नाहीच. विंडोजऐवजी लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आला, हिशेबाची एक्सेल फाइल लिबरऑफिसात उघडली. बाबांनी शेवटची बेरीज दोनदा ताडून पाहिली.

जुनी डिस्क भंगारात टाकणार होतो. संध्याकाळी बघतो तर ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात, वर स्केचपेनने लिहिलेलं: "ताईचे चार फोटो आत आहेत. टाकू नये."