इमारत गेली, शेजारची भिंत अजून आहे

लहान शहरातली जुनी बाजार-इमारत पाडली गेली की मागे बहुधा दर्शनी बाजूचा एकच फोटो उरतो. कमानी दिसतात, वरचं घड्याळ दिसतं. पण मागचं गोदाम, माल चढवायची कप्पी, गाळ्यांची रांग यांतलं काहीच त्यात नसतं, आणि खरी इमारत तीच होती. हे सगळं पुन्हा कागदावर आणता येतं, फक्त वेळेत हात घालायला हवा.

सुरुवात शेजारच्या सामायिक भिंतीपासून करा. तिच्यावर पाडलेल्या इमारतीचा अख्खा उभा छेद उमटलेला असतो. गिलावा जिथे आडव्या रेघेत थांबतो तिथे मजला होता. ओळीने दिसणाऱ्या चौकोनी खोबणींत तुळयांची टोकं बसत. एका ओळीपासून वरच्या ओळीपर्यंतचं अंतर म्हणजे मजल्याची उंची. दात्यांसारखी तिरकी खूण जिन्याची, काजळीचा उभा पट्टा धुराड्याचा. खोबणी नाहीत म्हणून मजलाच नव्हता असं मात्र समजू नका: तुळया भिंतीला समांतर असतील तर खोबणी पडतच नाहीत. फोटो ऊन भिंतीला घासून जात असताना घ्या. ऊन समोरून पडत असेल तर या खुणा नीट दिसत नाहीत. दर दहा सेंटिमीटरवर रंगवलेली काठी भिंतीला टेकवून ठेवा. नवं बांधकाम चढलं किंवा भिंतीला गिलावा झाला की हा पुरावा कायमचा गेला.

जुन्या फोटोवर पट्टी लावून उंची काढू नये. कॅमेरा रस्त्यावरून वर रोखलेला असेल तर वरचे मजले आखूड दिसतात. फोटोत विटा उघड्या दिसत असतील तर त्यांचे थर मोजा, मोजणीला तिरकेपणा बाधत नाही. राडारोड्यातली सुटी वीट मापाला पुरत नाही, कारण तिच्यात दर्जेची, म्हणजे दोन थरांमधल्या चुन्याच्या सांध्याची, जाडी येत नाही. शाबूत तुकड्यावर सलग दहा थर चुन्यासकट मोजा आणि दहाने भागा. एक थर ७.५ सेंटिमीटर निघाला आणि जोत्यापासून वरच्या खिडकीच्या तळापर्यंत ५६ थर भरले, तर उंची ४.२० मीटर. गिलावा केलेल्या दर्शनी भागावर हे चालत नाही; तिथे वाचलेला ओतीव लोखंडी खांब किंवा दाराची चौकट मोजा आणि फोटोत तेच माप धरा.

पोस्टकार्डांनी पुष्कळ जण फसतात. मागे पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल, तर ब्रिटनमधलं कार्ड १९०२ किंवा नंतरचं, अमेरिकेतलं १९०७ किंवा नंतरचं. पण ही छपाईची गोष्ट झाली, फोटो त्याहून जुना असू शकतो. रंगांवर तर विसंबूच नका. काळ्यापांढऱ्या फोटोवर ते छापखान्यात चढवले जात आणि विजेच्या तारा पुसून टाकल्या जात.

अमेरिकेतल्या शहरांसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे, म्हणजे विमा कंपन्यांना इमारतींचा आगीचा धोका कळावा म्हणून काढलेले, नकाशे हाती लागतात. ही कंपनी १८६७ साली सुरू झाली. नकाशांचं प्रमाण साधारण एका इंचाला ५० फूट. विटेला गुलाबी, लाकडाला पिवळा, दगडाला निळा रंग. बदल झाला की जुन्या पानावर चिठ्ठी डकवत, म्हणून पानावरचं साल आणि इमारतीची दिसणारी अवस्था जुळेलच असं नाही.

माणसांना विचारताना कोरा आराखडा पुढे ठेवा. ‘जिना डावीकडे होता ना?’ असं विचारलंत की उत्तर होयच येतं. ‘दारातून आत शिरल्यावर आधी काय लागायचं?’ असं विचारा, आणि प्रत्येकाला वेगळं बसवून. आठवणीत वेगवेगळ्या काळातले गाळे एका रांगेत येऊन बसतात, म्हणून दर दशकाला ट्रेसिंग पेपरचा वेगळा ताव घ्या आणि नाव कोणत्या तावावर जातं ते सांगणाऱ्याच्या लग्नाच्या, नोकरीच्या सालावरून ठरवा.

शेवटच्या नकाशात भिंतीवरून मोजलेली रेघ सलग काढा, फोटोवरून काढलेली तुटक, नुसत्या सांगण्यावरची ठिपक्यांची. ठिपक्यांशेजारी कोणी, कधी सांगितलं ते पेन्सिलीने लिहा. उद्या एखादा मागच्या बाजूचा फोटो निघाला, तर कुठली रेघ बदलायची ते लगेच कळतं.