तुम्ही विचारलंत म्हणून: "जरा जपून केलं तर?"

हॉटेलच्या किचनमध्ये कोणाचा हात भाजला, बोट कापलं, कंबर धरली, की प्रश्न ठरलेला: "जरा जपून काम केलं तर नाही का चालणार?" विचारणारे बहुतेक वेळा घरचेच असतात आणि काळजीनेच विचारतात. पण त्या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो. ज्याला लागलं, चूक त्याची. म्हणून एकदा सविस्तर उत्तर देणं भाग आहे. आत उकडतं, पाय दुखतात, वरून ओरडा बसतो हे तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही.

त्यापेक्षा रात्री फ्रायरमधलं, म्हणजे तळणाच्या यंत्रातलं, तेल काढतात तेव्हा काय होतं ते बघू.

तळणाचं तेल १७५-१८० अंशांवर चालतं. ते काढायचं तर फ्रायर बंद करून तेल ४० अंशांच्या आसपास येऊ द्यावं लागतं. (आतच गाळणी आणि पंप बसवलेले फ्रायर गरम तेलावरच गाळतात, त्यांची रीत वेगळी.) पंधरा-वीस लिटर तेल इतकं निवायला कित्येक तास लागतात. शेवटची ऑर्डर मात्र बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी येते. सकाळच्या शिफ्टला फ्रायर स्वच्छ हवा असतो आणि क्लोजिंगवाल्याला, म्हणजे रात्री किचन बंद करणाऱ्याला, घरी जायचं असतं. मग तेल दीडशे अंशांवर असतानाच फ्रायरचा तेल काढायचा नळ उघडला जातो.

नळाच्या तोंडाशी चुरा अडकलेला असतो, तेल येत नाही. सळई आतून, वरच्या बाजूने घालायची असते, पण गरम तेलावर वाकायला कोण धजावणार? म्हणून बाहेरून खुपसतात. चुरा सुटतो आणि तेल एकदम जोराने मनगटावर येतं. खाली प्लास्टिकची बादली असेल तर आणखी कठीण, कारण बादल्यांचं नेहमीचं प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं. पातेलं असेल तर ते नुकतंच धुतलेलं, तळाशी दोन चमचे पाणी राहिलेलं. ते पाणी तेलाखाली सापडून वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट वाढतं, आणि ती वर येताना तेल भिंतीपर्यंत उडवते. यातून निभावलं तरी काठोकाठ भरलेलं, झाकण नसलेलं पातेलं दोघांनी धरून न्यायचं असतं. तेही नुसत्या पाण्याने धुतलेल्या फरशीवरून. नुसत्या पाण्याने तेलकटपणा निघत नाही, पसरतो. डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) टाकून पाच-दहा मिनिटं थांबलं तर तो सुटतो, पण त्या वेळी थांबतो कोण?

सांडलेलं तेल बुटात गेलं की मोजा ते शोषून घेतो आणि बूट काढेपर्यंत पाऊल भाजतच राहतं. किचनचे बूट वरून बंद आणि एका झटक्यात पायातून निघणारे हवेत ते यासाठी. पुढे काय करायचं हे सगळ्यांना पाठ असतं: भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, अंगठी, घड्याळ, कपडे लगेच काढा, चिकटलेलं ओढू नका, बर्फ, टूथपेस्ट, तूप काही लावू नका, मग वरून क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) ठेवा, गुंडाळू नका. भाजलेला भाग स्वतःच्या तळव्यापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा असेल, तर थेट हॉस्पिटल. पण ती २० मिनिटं कुठून आणायची? सिंक भांड्यांनी भरलेलं, बाहेर ऑर्डर थांबलेली. माणूस दोन मिनिटं हात नळाखाली धरतो आणि परत उभा राहतो. पहिल्या दिवशी लाल दिसणारा चटका तिसऱ्या दिवशी खोल निघतो, त्यात या न मिळालेल्या अठरा मिनिटांचाही वाटा असतो.

आता सांगा, यात जपायचं नेमकं कुठे होतं? दोन फ्रायर असतील तर एक किचन बंद व्हायच्या काही तास आधीच विझवता येतो. तेल सकाळी, पेटवण्याआधी, गार असताना काढता येतं. झाकणाचा स्टीलचा डबा आणि चाकांची गाडी घेता येते. यातलं एकही हेल्परच्या हातात नाही. वेळापत्रक लावणाऱ्याच्या हातात सगळं आहे.

हो, बेफिकीर लोक असतात, नाही कशाला म्हणू. ओल्या फडक्याने तवा उचलतात, मग फडक्यातल्या पाण्याची वाफ होऊन तळवा भाजतो. सुरी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पडणारी सुरी पकडायला जातात, खरं तर तिथे हात वर करून मागे सरायचं असतं. स्लायसर (काप करायचं यंत्र) पुसताना जाडीचं माप शून्यावर आणून पातं झाकत नाहीत, प्लग काढत नाहीत. आणि भाजल्याच्या खुणा मिरवणं, ग्लव्ह घालणाऱ्याला हसणं, हे मालक शिकवत नाही. आपणच एकमेकांना शिकवतो. पण बोथट सुरी घसरून लागलेला घाव बेफिकिरीत मोजू नका. सुऱ्यांना धार लावायला वेळच दिला नसेल तर घसरणारच.

हळूहळू होणाऱ्या दुखापतींबद्दल तर कोणी विचारतच नाही. टेबलं सगळ्यांसाठी एकाच उंचीची असतात. कापायचा पाट कोपरापासून साधारण दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवा. उंच माणूस दिवसभर वाकून कापतो, बुटका खांदे उचलून. उंच माणसासाठी जाड पाट आणि बुटक्यासाठी पायाखाली फळी, एवढ्याने भागतं. चाळीस लिटरचं भरलेलं पातेलं म्हणजे भांड्याचं वजन सोडून चाळीस किलो. ते उचलायचं नसतं, डावाने उपसायचं असतं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्या येऊन बधिर होत असेल तर मनगटातली नस दबते आहे. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा सुरुवातीलाच लावला तर उपयोग होतो; अंगठ्याखालचा मांसल भाग सुकायला लागल्यावर फार उशीर झालेला असतो.

राहिला ताण. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असताना घसरते तितकी घसरलेली दिसली. रात्री क्लोजिंग करून सकाळी ओपनिंगला, म्हणजे किचन उघडायला, आलेल्या माणसाच्या हातात आपण सुरी देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद कामाशी निगडित प्रकार म्हणून केली, आजार म्हणून नाही. म्हणजे औषध कामालाच द्यायला हवं. ओरडण्याबद्दलही तसंच. गरम भांडं घेऊन कोणाच्या मागून जाताना "मागे गरम!" हे मोठ्यानेच ओरडायचं असतं, त्याने माणसं वाचतात. अपमान करून ओरडलं की उलटं होतं. घाबरलेला माणूस न कळलेलं परत विचारत नाही, लागलेलं सांगत नाही, आणि गरम भांडं घेऊन गुपचूप मागून निघतो.

पूर्वी माझं मत सरळ होतं: शिस्त लावा, बाकी आपोआप होतं. ते मत आजही पुरतं सोडवत नाही, कारण "मागे गरम" म्हणायची सवय शिस्तीनेच लागते. आणि सगळं व्यवस्थेवर ढकललं तर काम करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, तेही मला पटत नाही. पण शिस्तीने तेल निवत नाही.

अडचण छोट्या किचनची आहे. एकच फ्रायर, रात्री दोनच माणसं. तिथे तेल सकाळी काढा म्हटलं तर सकाळच्या माणसाला तासभर लवकर यावं लागणार. तो तास त्याच्या झोपेतून जाणार आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे मिळणार नाहीत. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.