बगळ्यांच्या झाडाखाली गाडी

पार्किंगच्या सोडतीत मला पर्जन्यवृक्षाखालची जागा लागली, तेव्हा शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं होतं. ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये गाडीला सावली मिळणं म्हणजे चैनच. पण पावसाची चाहूल लागली आणि झाडावर गायबगळे अन् ढोकरी उतरल्या. विणीच्या दिवसांत पांढऱ्याफटक गायबगळ्यांची डोकी आणि माना केशरी होतात, ढोकरीच्या पाठीवर गडद तांबूस रंग चढतो. वरती हा थाटमाट, आणि खाली माझी गडद निळी गाडी सकाळी चुन्याची बादली उपडी केल्यासारखी.

एकट्या कावळ्याने किंवा कबुतराने शिटणं वेगळं आणि अख्ख्या वसाहतीखाली गाडी लावणं वेगळं. बगळ्यांची शीट पातळ असते, उडते, ओघळते. पिल्लं मोठी व्हायला लागली की भर पडते ती ओकण्याची. घाबरलं की पिल्लू पोटातलं बाहेर टाकतं. बॉनेटवर अर्धा पचलेला बेडूक आणि त्याच्या शेजारी टोळाची करवतीसारखी तंगडी, हे दृश्य ऑफिसला निघताना बघायचं! वास तर विचारूच नका.

जुलैच्या धो-धो पावसात मात्र गाडीला फारसं काही होत नव्हतं. डाग पडले ते गणपतीत. आम्ही कोकण रेल्वेने गावी गेलो, गाडी खालीच. मधल्या दिवसांत पाऊस उघडला आणि कडक ऊन पडलं. परत येऊन गाडी धुतली, तर शीट निघाली पण तिचा आकार तसाच राहिला. बॉनेटवर, छतावर बोटाच्या पेराएवढी फिकट वर्तुळं. तिरप्या उजेडात बघितलं की त्यांची कड स्पष्ट दिसायची, नख फिरवलं की जाणवायचीसुद्धा.

‘अ‍ॅसिड रंग खातं’ असं सगळे सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. शिटेतला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः युरिक अ‍ॅसिड, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाऊस पडूनही पांढरा थर उरतोच. खरा घोळ उन्हाचा. उन्हात पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, मऊ पडून प्रसरण पावतो. त्याच वेळी शीट वाळून कडक होत असते. संध्याकाळी पत्रा थंड झाला की क्लिअर कोट आक्रसतो आणि त्या वाळलेल्या ढेकळाचा साचा स्वतःवर उमटवून घेतो. धुतल्यावर दिसतो तो हा साचा. म्हणून मुसळधार पाऊस परवडला, भाद्रपदातलं ऊन नको.

त्याहून जास्त नुकसान कोरड्या फडक्याने होतं. आमच्याकडे गाड्या पुसायला जे मामा येतात, ते पहाटे एका बादलीत दहा गाड्या उरकतात. वाळलेली शीट ते फडक्याने जोर लावून घासायचे. शिटेत वाळूचे कण असतात, फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या शिटेत बिया. घासलं की डाग जातो आणि चरे येतात. मी त्यांना म्हटलं, “मामा, घासू नका, भिजू द्या.” ते म्हणाले, “ताई, भिजवत बसलो तर बाकीच्या गाड्या कोण पुसणार?” मुद्दा बिनतोड होता. मग ठरलं की गाडीवर शीट असेल तर त्यांनी हात लावायचा नाही, ते माझं काम.

माझी पद्धत साधी आहे. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि थोडा कार शाम्पू. भांडी घासायचा साबण नाही, तो रंगाच्या रक्षणासाठी लावलेलं मेण उतरवतो. व्हिनेगर तर नाहीच, अ‍ॅसिडवर आणखी अ‍ॅसिड कशाला? शिटेवर भरपूर फवारायचं, वर जुन्या सुती टॉवेलचा ओला तुकडा पसरायचा आणि चहा होईपर्यंत विसरून जायचं. खाली आलं की तुकडा न दाबता उचलायचा, बहुतेक सगळं त्यालाच चिकटून येतं. उरलेलं मायक्रोफायबरच्या कापडाने एकाच दिशेने टिपायचं, दर वेळी कापडाची नवी घडी. मग साध्या पाण्याने धुवायचं. पत्रा तापलेला असेल तर आधी गाडी सावलीत. काचेवर पडलं तर वायपर अजिबात चालवायचा नाही, सगळी काच बरबटते. कबुतरांची कोरडी शीट असेल तर मास्क लावा. तिची धूळ छातीत गेलेली बरी नाही.

गाडीवर कव्हर घालूनही पाहिलं. पातळ कव्हरातून ओल झिरपते, आत दमट राहतं, आणि गाडीवर धूळ असेल तर वाऱ्याने हलणारं कव्हर पॉलिश पेपरचं काम करतं. शिवाय ते शिटाळलेलं कव्हर रोज घडी करून डिकीत कोण ठेवणार? मेण मात्र उपयोगी पडलं. पावसाळ्याआधी एकदा आणि मध्ये एकदा लावलं की शीट तेवढी घट्ट धरत नाही. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर, असलेलीही सोसायटीत एक गाडी आहे. तिच्यावरची शीट लवकर निघते, पण उन्हात तशीच ठेवली तर डाग तिच्यावरही पडलेत.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्थातच ‘फांद्या तोडा’ हा ठराव आला. कुणी फटाके सुचवले, कुणी प्लास्टिकचं घुबड. सेक्रेटरींनी कायदा वाचून दाखवला, हे त्यांचं मोठेपण. शहरी झाडांसाठी १९७५चा राज्याचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही येतं. मीटिंग एकदम शांत झाली. शेवटी पावसाळ्यापुरती झाडाखालच्या जागांची पाळी लावली, आणि पिल्लं उडून घरटी रिकामी झाल्यावर खाली लोंबणाऱ्या फांद्यांच्या छाटणीचा अर्ज करायचा असं ठरलं. एका काकांनी मात्र पाळीला विरोध केला, कारण त्यांची जागा बेसमेंटमध्ये आहे!

दिवाळीनंतर गाडी डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे रंगाची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे नेली. त्याने आधी मीटर लावून रंगाची जाडी मोजली, तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतात, त्यातला क्लिअर कोट ४०-५०च्या आसपास. कंपाउंड, म्हणजे घासून झिजवणारी पेस्ट, मारायचं म्हणजे डागाभोवतीचा क्लिअर कोट डागाच्या पातळीपर्यंत झिजवायचा. तो परत येत नाही. म्हणून दर वर्षी ‘फुल बॉडी रबिंग’ करून घेणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. बॉनेटवरचे उथळ डाग पॉलिशने गेले, दोन खोल डागांवर मशीनने कंपाउंड मारावं लागलं. टूथपेस्टने घासायचा घरगुती सल्ला मी त्याला विचारला, तर तो नुसता हसला. तीही घासणारीच वस्तू, फक्त किती झिजवते याचा अंदाज येत नाही.

छतावरच्या एका डागापाशी मीटर इतर ठिकाणांपेक्षा बराच कमी आकडा दाखवत होता. तिथे गाडी माझ्याकडे येण्याआधीच कुणीतरी कंपाउंड मारलेलं असणार. तो म्हणाला, “हा काढायला गेलो तर खालचा रंग दिसेल, मग अख्खं छत रंगवा.” मी डाग ठेवला आणि त्याच्यावर मेण लावून घेतलं.